टेक लॉगची मागची पानं

अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ माणसं गेली. त्यानंतर शिरूरमध्ये बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत लोक मला अडवून एकच गोष्ट विचारायचे. माझं नोकरीचं सगळं आयुष्य मुंबईला विमानांच्या देखभालीत गेलं, हे गावाला माहीत आहे. "काका, बिघाड असलेलं विमान उडवतात, हे खरं का?"

त्या अपघाताबद्दल मी तर्क करत नाही, ते तपासणाऱ्यांचं काम आहे. पण प्रश्नाचं उत्तर मी सरळ देतो. हो, उडवतात. रोज उडवतात आणि नियमाने उडवतात. हे ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो. म्हणून थोडं थांबून समजावून सांगावं लागतं.

आधुनिक विमानात बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी दोन-दोन, तीन-तीन असतात. त्यातली एक बंद पडली तरी उड्डाण सुरक्षित राहील का, हे आधीच ठरवलेलं असतं. त्याची जाडजूड यादी प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी असते, तिला आम्ही एमईएल म्हणतो. यादीत नाव नसलेला सुरक्षेचा भाग बिघडला तर विमान जागेवरच थांबतं. नाव असेल तर काय अटी पाळायच्या आणि किती दिवसांत दुरुस्त करायचं, हेही तिथेच लिहिलेलं असतं. 'बी' वर्गाला तीन दिवस, 'सी'ला दहा, 'डी'ला एकशेवीस. 'ए'ची मुदत त्या-त्या नोंदीत वेगळी दिलेली असते. लायसन्सधारक इंजिनीअर स्नॅग, म्हणजे बिघाड, विमानाच्या नोंदवहीत, टेक लॉगमध्ये लिहितो, यादीतला क्रमांक टाकतो, कॉकपिटमध्ये संबंधित स्विचपाशी 'इनऑप'ची, म्हणजे बंद असल्याची, चिठ्ठी लावतो आणि सही करतो. दुरुस्ती पुढे ढकलली गेली, म्हणजे डिफर झाली, पण ती कुणापासून लपलेली नाही. येणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला ती वाचूनच निघावं लागतं.

मे महिन्यात मुंबईला किंवा लोहगावला विमानात बसल्यावर इंजिनं सुरू होईपर्यंत घामाने निथळला असाल, तर बहुधा त्या विमानाचा एपीयू डिफर केलेला असतो. शेपटीतलं ते छोटं इंजिन विमान उभं असताना वीज आणि थंड हवा देतं. ते बंद असेल तर जमिनीवरच्या यंत्रांनी काम भागवता येतं. प्रवासी चिडतात ते रास्तच, पण धोका त्यात नसतो. जुलैत मुंबईच्या ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाचा, इंजिनाचा जोर उलटवून वेग कमी करणारा थ्रस्ट रिव्हर्सर डिफर करताना मात्र हात अडखळतो, अडखळायलाच हवा. १७ जुलै २००७ रोजी ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या ओल्या, आखूड धावपट्टीवरून एक एअरबस थेट पलीकडच्या इमारतीत घुसली आणि १९९ माणसं गेली. त्या विमानाचा एक रिव्हर्सर नियमाप्रमाणे बंद करून ठेवलेला होता. अपघाताचं मूळ होतं थ्रॉटलच्या चुकीच्या स्थितीत, पण बंद रिव्हर्सरमुळे तिथे नेहमीपेक्षा वेगळी कृती करावी लागत होती. एक स्नॅग, एक पाऊस, एक छोटी धावपट्टी. यादी यांतल्या प्रत्येकाचा वेगळा विचार करते. तिघं एकत्र आले तर काय, हा विचार माणसानेच करायचा असतो.

हे मी विमानांवर जायच्या आधीच थोडंफार शिकलो होतो, दौंडला. रेल्वे कॉलनीत वाढलो. वडील कॅरेज अँड वॅगन खात्यात होते, लोक त्यांना टीएक्सआर म्हणत. मनमाड, सोलापूर, पुणे, बारामती असे चारही रस्ते दौंडला मिळतात, त्यामुळे यार्डात रात्र अशी नसायचीच. मालगाडी लागली की हातोडी आणि टॉर्च घेऊन वडील गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. चाकावर हातोडीचा ठोका मारून आवाज ऐकायचे, ॲक्सल बॉक्स तापलाय का ते हाताने पाहायचे. चालण्याजोगी नसलेली वॅगन 'सिक' करायची, म्हणजे खूण करून गाडीतून तोडायची आणि सिक लाइनला टाकायची. वॅगन सिक केली की कंट्रोलचा फोन यायचाच, गाडी का थांबली म्हणून. पण मला आठवतो तो त्यांचा रजिस्टरबद्दलचा हट्ट. चार्ज देताना ते नुसती वही पुढे सरकवत नसत. येणाऱ्या माणसाला शेजारी बसवून कालची, परवाची पानं उलटत. तीच वॅगन पुन्हा आली असेल तर बोट ठेवून दाखवत. घरी जेवण थंड व्हायचं.

विमानाच्या बाबतीत ही मागची पानं न उलटण्याने काय होतं, ते २८ डिसेंबर २०१४ रोजी दिसलं. सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअर एशियाचं ए-३२० जावा समुद्रात पडलं आणि १६२ माणसं गेली. शेपटीतल्या रडरची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेच्या एका इलेक्ट्रॉनिक कार्डावर डागाची, म्हणजे सोल्डरची, जोडणी तडकलेली होती. अगदी बारीक तडा. संपर्क तुटायचा, कॉकपिटमध्ये इशारा यायचा, रीसेट केला की जायचा. मागच्या बारा महिन्यांत त्या विमानावर हा दोष २३ वेळा नोंदला गेला होता. प्रत्येक वेळी कुणीतरी इंजिनीअर आला असणार, चाचणी केली असणार, ठीक आढळलं म्हणून सही केली असणार. एकेक नोंद घेतली तर प्रत्येकाचं काम नियमात बसतं. तेवीस नोंदी एका टेबलावर मांडल्या तर शिकाऊ मुलगाही सांगेल की कार्ड काढून बदला.

त्या दिवशी इशारा चार वेळा आला. तीनच दिवसांपूर्वी त्याच कॅप्टनने जमिनीवर एका इंजिनीअरला सर्किट ब्रेकर काढून-लावून हा इशारा घालवताना पाहिलं होतं. चौथ्या इशाऱ्यानंतर हवेत तेच झालं असावं, असं तपासात दिसलं. ब्रेकर निघताच ऑटोपायलट सुटला, विमान कलंडलं, आणि पुढच्या काही मिनिटांत गोंधळलेल्या वैमानिकांना ते सावरता आलं नाही. इशारा स्वतः धोकादायक नव्हता, तपास अहवालानेही तो धोकादायक असल्याचं म्हटलं नाही. सतत आल्यामुळे तो नकोसा झाला होता. वैमानिकाला चुकीच्या उपायापर्यंत ढकलणारं वर्ष त्या टेक लॉगमध्ये पानापानावर लिहिलेलं होतं, हे मला आजही अस्वस्थ करतं.

माद्रिदची गोष्ट याहून अवघड आहे. २० ऑगस्ट २००८ रोजी स्पॅनएअरचं एमडी-८२ टेकऑफसाठी गेलं आणि परत आलं, कारण बाहेरचं तापमान मोजणारा प्रोब जमिनीवरच तापत होता. आधीच्या दिवसांतही तो तापला होता. यादी पाहिली, बर्फ साचण्याची शक्यता नव्हती, हीटरचा ब्रेकर काढला, विमान सोडलं. सगळं पुस्तकाप्रमाणे. पण प्रोब जमिनीवर तापतोच का? विमान जमिनीवर आहे की हवेत, हे सांगणारा रिले बिघडला तर असं होऊ शकतं. फ्लॅप न उघडता टेकऑफ करू लागलात तर ओरडणारी घंटाही त्याच रिलेवर अवलंबून होती. त्या दिवशी घाईत फ्लॅप उघडायचे राहिले, घंटा वाजली नाही, १७२पैकी १५४ माणसं गेली. दोन्ही गोष्टी एकाच रिलेमुळे घडल्या हे तपासात ठामपणे सिद्ध झालं नाही. तरी मी नव्या मुलांना हे उदाहरण नेहमी सांगतो. स्नॅग डिफर करायची परवानगी यादी देते. तो का आला हे शोधायचं काम यादी माफ करत नाही.

आणि लिहायचंच राहिलं तर? २०१८च्या ऑक्टोबरमध्ये लायन एअरचं ७३७ मॅक्स जकार्ताजवळ कोसळण्याच्या आदल्या रात्री, आधीच्या उड्डाणात वैमानिकाच्या हातातला कंट्रोल कॉलम जवळजवळ पूर्ण वेळ थरथरत होता. टेक लॉगमध्ये त्याने इतर इशारे लिहिले, हा लिहिला नाही. जमिनीवरच्या माणसाने जे लिहिलं होतं तेवढंच तपासलं. सकाळी १८९ माणसं गेली. मूळ दोष विमानाच्या रचनेत होता, आणि तो बोईंगचा होता, हे विसरता कामा नये. पण तो पकडायची एक रात्र मिळाली होती.

पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. सुटा भाग गोदामात असेल तर दुरुस्ती रात्रीत होते. नसेल तर दुरुस्ती ढकलली जाते. जुलै २०२२मध्ये विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने स्पाइसजेटला जी कारणे दाखवा नोटीस दिली, तिच्यात हेच सरळ लिहिलं होतं: पुरवठादारांचे पैसे वेळेवर दिले जात नाहीत, त्यामुळे सुट्या भागांची टंचाई आहे आणि वारंवार एमईएलचा आधार घेतला जातो. त्याच महिन्यात कंपनीची उड्डाणं आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणली गेली. अहमदाबादनंतर दिल्ली-मुंबईसारख्या विमानतळांवर झालेल्या तपासणीतही डीजीसीएला दुरुस्त म्हणून सोडलेले दोष पुन्हा पुन्हा उलटलेले आढळले, आणि विमानाच्या यंत्रणेने दाखवलेले काही दोष टेक लॉगमध्ये नोंदलेलेच सापडले नाहीत. एक विमान झिजलेल्या टायरमुळे थांबवावं लागलं. ही बातमी वर्तमानपत्रांत एक दिवस टिकली.

मोठी विमानं तरी अनेक नजरांखालून जातात. आपल्या डोक्यावरच्या छोट्या विमानांचं काय? बारामतीच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं आसपासच्या तालुक्यांवर फिरत असतात. ती उतरतात आणि लगेच पुन्हा उठतात, दिवसभर. चाकं, ब्रेक, इंजिन यांची झीज त्यामुळे फार, म्हणूनच दर पन्नास, दर शंभर तासांच्या तपासण्या. ऑक्टोबर २०२३मध्ये तिथे चार दिवसांत एकाच संस्थेची दोन विमानं कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. दौंड, शिरूर, इंदापूरची ऊस विकून फी भरणारी घरं आता मुलामुलींना वैमानिक करायची स्वप्नं पाहतात. संस्था निवडताना हे पालक विमानं किती, वसतिगृह कसं, नोकरी मिळेल का, एवढं विचारतात. मी त्यांना सांगतो, देखभालीला इंजिनीअर किती आहेत ते विचारा. मुलांनी स्नॅग लिहिला तर त्यांच्यावर कुणी ओरडतं का, तेही विचारा.

कारण शेवटी सही रात्री तीनला होते. पहाटेची फ्लाइट, फोनवर ड्यूटी मॅनेजर, हातात टॉर्च. अशा वेळी तो स्नॅग तिसऱ्यांदा आलाय म्हणून विमान थांबवणाऱ्या माणसाच्या पाठीशी कंपनी उभी राहते का, यावर बरंच काही ठरतं. ती माणसं धाडसी असावी लागतात, हेच मला मान्य नाही. नियमाने थांबणाऱ्याला धाडस कशाला लागावं?

डीजीसीएने एक करावं असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक विमान कंपनीच्या ताफ्यात दर महिन्याला सरासरी किती दुरुस्त्या डिफर होत्या, त्यांतल्या किती मुदतीत झाल्या, किती वेळा मुदत वाढवली आणि किती स्नॅग पुन्हा आले, एवढे चार आकडे जाहीर करावेत. वेळेवर किती विमानं सुटली हे आज दर महिन्याला छापून येतं, आणि कंपन्या त्या आकड्याची जाहिरात करतात. हे चार आकडे त्याच तक्त्यात, त्याच्या शेजारी छापता येतील.