सव्वादोनशे पोत्यांची ताकद

माझ्याकडे जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आहे. 2004 साली ती भारतात आली तेव्हा टर्बो पेट्रोल इंजिन ही आपल्याकडे फक्त मासिकात वाचायची गोष्ट होती. मार्केट यार्डात माझा गूळ-भुसारचा गाळा आहे. गाडी मी गाळ्यासमोर लावतो आणि लावताना कोण कोण बघतंय हे बघतो. हे मी आजवर कुणापाशी बोललो नव्हतो. तिथूनच सुरुवात करायला हवी, कारण या गाड्यांवरचं माझं प्रेम नेमकं कशावर आहे हे मला स्वतःलाच विचारायचं आहे.

रविवारी भुसार विभाग बंद असतो. मित्र जमले की मी रॅलीच्या गोष्टी सांगतो. ऑडी क्वाट्रोच्या पाच सिलिंडरांचा तो वेगळाच सूर, 1981 साली सान रेमो जिंकून जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली रॅली जिंकणारी पहिली स्त्री ठरलेली मिशेल मूतों, 1987 पासून ओळीनं सहा वर्षं उत्पादकांचं विजेतेपद पटकावणारी लान्शिया. सुबारूच्या आडव्या इंजिनाचा घोगरा ठेका एक्झॉस्टच्या कमीजास्त लांबीच्या नळ्यांमुळे येतो, हेही समजावून सांगतो. ऐकणारे रंगतात आणि मीही रंगतो. पण यातलं काहीच मी पाहिलेलं नाही. हे सगळं छापील पानांतून, व्हिडिओ कॅसेटींतून आणि पुढे मोबाइलवरून आलं. ज्या इंजिनाचा आवाज खरोखर माझ्या हाडांत मुरलाय ते टाटा 407 चं आहे. पहाटे गाळ्याला मागं लागणारा टेम्पो, गिअर पडतानाची घरघर, डिझेलच्या धुरात मिसळलेला गुळाचा वास. आमचं घर त्या इंजिनावर चाललं. त्याची गोष्ट मी कधी कुणाला रंगवून सांगितलेली नाही.

‘आरएस’ म्हणजे रॅली स्पोर्ट. पूर्वी या नावांना वजन होतं. ‘ग्रुप ए’ या वर्गाच्या नियमानुसार रॅलीत उतरवायच्या गाडीच्या पाच हजार प्रती कंपनीला आधी बनवाव्या लागत. त्यामुळे जंगलातल्या चिखलात जिंकणारी लान्शियाची डेल्टा आणि इटलीतल्या एखाद्या डॉक्टरच्या दारातली डेल्टा सख्ख्या बहिणी होत्या. 1997 पासूनच्या नियमांनी ही सक्ती सैल केली. ऑक्टेव्हियाची रॅली आवृत्ती 1999 मध्ये उतरली. तिची सर्वोत्तम कामगिरी म्हणजे 2001 च्या सफारी रॅलीत आर्मिन श्वार्त्सनं मिळवलेला तिसरा क्रमांक. ती दोन लिटरची होती आणि चारही चाकांना ताकद देत होती. माझी 1.8 लिटरची आहे आणि तिची फक्त पुढची चाकं ओढतात. म्हणजे दोघींचं नातं आडनावापुरतं. हे सगळं मला पाठ आहे. तरी कुणी विचारलं की तोंडातून निघतं, ‘रॅलीच्या रक्ताची आहे.’ का निघतं? कारण तसं म्हटलं की श्वार्त्सच्या धाडसातला एक घास माझ्याही पानात पडतो.

या गोष्टींत एक भाग मी आवाज खाली आणून सांगतो. तो ‘ग्रुप बी’ या वर्गाचा. तिथं फक्त दोनशे गाड्या बनवल्या की भागायचं, म्हणून कंपन्यांनी रस्त्याशी फारसं देणंघेणं नसलेली राक्षसी यंत्रं उतरवली. 1986 च्या मार्चमध्ये पोर्तुगालमध्ये एक फोर्ड आरएस200 गर्दीत घुसली आणि तीन प्रेक्षक मेले. मे महिन्यात कोर्सिकात हेन्री तोयव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो लान्शियासह दरीत कोसळले आणि जळून गेले. तो हंगाम संपला आणि ग्रुप बी बंद झाला. मी तोयव्होनेनचं नाव घेतो. पोर्तुगालचे ते तिघं माझ्या गोष्टीत येतात ते फक्त ‘गर्दी’ म्हणून. आणि अवघड प्रश्न पुढेच आहे: हे मृत्यू नसते तर ती गोष्ट मला इतकी आवडली असती का? उत्तर ‘नाही’ असं येतं. दुसऱ्याच्या मरणानं माझ्या गप्पांना चव येते.

अशा वेळी माझा एक ठरलेला बचाव असतो. रॅली म्हणजे बेफामपणा नव्हे, असं मी म्हणतो. रस्ता बंद केलेला असतो, वळणावळणावर मार्शल उभे असतात, शेजारी सहचालक प्रत्येक वळण वाचून दाखवत असतो, अंगाभोवती पोलादी पिंजरा असतो. बचाव चांगला आहे, पण माझ्या गाडीचं आडनाव जिथं मोठं झालं तिथंच तो तुटतो. केनियातली सफारी रॅली त्या काळात रहदारी बंद न करता चालायची. त्याच रस्त्यावर माणसं, गुरं आणि मालाचे ट्रक असत. मोठ्या संघांची हेलिकॉप्टरं गाडीच्या पुढं उडत आणि वाटेत काय आहे ते चालकाला कळवत. भारतीय वंशाचा शेखर मेहता ही रॅली पाच वेळा जिंकला, याचा मला केवढा अभिमान! पण तो रस्ता कुणाचा होता, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

तो पडायला केनियात जायची गरज नव्हती. मार्केट यार्डात पहाटे ट्रक, टेम्पो, हातगाड्या आणि माणसं एकाच रस्त्यावर असतात. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाची मान वाकलेली असते आणि त्याला समोरची दोन पावलं जमीन दिसते. त्याच्या वाटेत काय येतंय हे सांगायला हेलिकॉप्टर नसतं. मी तिथं वेगात जात नाही, एवढं खरं. पण गाडी हळू नेताना उगाच रेस देऊन टर्बोची शिट्टी ऐकवतो, हेही तितकंच खरं. ती शिट्टी माझ्यासाठी संगीत आहे. ओझ्याखालच्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की मागून काहीतरी येतंय आणि बाजूला व्हायचंय ते त्यानं.

आमच्या गाळ्यावरच्या हमालांच्या टोळीतल्या एका वयस्कर मामांनी एकदा सरळ विचारलं होतं, ‘शेठ, एवढी ताकदीची म्हणता, तर हिच्यात पोती किती बसत्यात?’ मी हसून म्हणालो, ‘मामा, ही मालाची गाडी नाही.’ नंतर मी हिशेब केला. 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती. माझ्या गाडीची ताकद सुमारे 150. म्हणजे सेकंदाला 11,250 किलो मीटरभर वर. पन्नास किलोची सव्वादोनशे पोती! पूर्वी शंभर किलोचं पोतं पाठीवर घ्यावं लागे. ते पन्नासवर यावं म्हणून बाबा आढावांच्या हमाल पंचायतीला वर्षानुवर्षं भांडावं लागलं आणि त्या भांडणात आमच्यासारखे गाळेवाले समोरच्या बाजूला होते. सव्वादोनशे पोती उचलायची ताकद मी एकट्यानं बसून मिसळ खायला जाण्यासाठी वापरतो. मामांचा प्रश्न भाबडा नव्हता.

इथं मनाची आणखी एक लबाडी दिसते. हमालाच्या पाठीकडे बघून शरमलो की मला बरं वाटतं. आपण संवेदनशील आहोत असं वाटतं. गाडी मिरवत होतो तशी आता शरम मिरवायला लागतो. मामांना माझ्या शरमेचा काही उपयोग नाही. हमालीची रक्कम वेळेवर आणि पुरी मिळाली तर तिचा आहे. त्यामुळे गाडी विकून टाकली की सुटलो, असली सोपी वाट मी स्वतःला देत नाही.

एवढं सगळं वजा केल्यावर काही उरतं का? उरतं. टर्बो ही मला आजही माणसाच्या बुद्धीची कमाल वाटते. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर छोटं चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं आणि त्याच जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबतं. दिवे घाटाच्या चढावर गाडी अडीच हजार फेऱ्यांच्या पुढं गेली की पाठीला जो रेटा बसतो तो घ्यायला कुणी बघणारा लागत नाही. तेवढं प्रेम माझं स्वतःचं आहे आणि त्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही.

पण त्याच टर्बोचं एक सोंगही बाजारात मिळतं. रॅलीत चालकानं पाय उचलला तरी टर्बो फिरत राहावा म्हणून थोडं इंधन मुद्दाम एक्झॉस्टमध्ये जाळतात. त्याचे बार उडतात. तिथं त्यानं सेकंदाचे अंश वाचतात. आमचा मिस्त्री दर सर्व्हिसला म्हणतो, ‘शेठ, फटाके लावून देऊ का? पोरं वळून बघतील.’ त्यानं माझं काहीच वाचणार नाही. वळून बघणं तेवढं मिळेल. मी आजवर नको म्हणत आलोय, पण म्हणण्याआधी दर वेळी थबकतो. रॅलीवरचं माझं प्रेम किती आणि हौस किती, हे त्या थबकण्यावरून मला बरोबर कळतं. पुढच्या वेळी तो पुन्हा विचारेल. मी नकोच म्हणेन असं आज वाटतंय, पण त्यावर माझी सही मात्र घेऊ नका.