बीज, क्षेत्र आणि नाणेफेक

पेरणी एकाची आणि जमीन दुसऱ्याची असेल, तर पीक कोणाचे? धर्मशास्त्रात हा बीज-क्षेत्राचा वाद म्हणून ओळखला जातो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तो बराच लांबला आहे आणि त्याचा निकाल सरळ लागत नाही. गुणाचा विचार चालू असतो तोवर कौल बीजाकडे, कारण जे पेरावे तेच उगवते. मालकीचा विचार आला की कौल क्षेत्राकडे फिरतो: गाय, घोडी, उंटीण यांचे पिल्लू नराच्या धन्याचे होत नाही, मादीच्या धन्याचे होते. (याच यादीत दासीही आहे. हा वाद कोणाच्या सोयीने चालला होता, हे त्यावरून उमगते.) पुढे एक पोटनियम येतो. दोन्ही धन्यांनी आधी करार केला असेल, तर पिकाचे वाटेकरी दोघेही.

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची सारी दुनिया या वादावर उभी आहे, फरक इतकाच की तिथे उत्तरावर पैसे लावले जातात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जेम्स वेदरबी यांनी ‘जनरल स्टड बुक’ ही वंशावळींची वही सुरू केली. नराच्या बाजूने मागे जात राहिले, तर या जातीची वंशावळ तीन घोड्यांपाशी येऊन थांबते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी प्रत्यक्ष नराकडे नेऊनच फळवावी लागते. पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचे घोडेही याच कुळातले. तिथल्या रेसबुकात घोड्याच्या नावाखाली आधी बापाचे नाव छापतात, मग आईचे. ‘खाण तशी माती’ ही म्हण आईकडे बोट दाखवते, रेसबुक बापाकडे.

१९६९ साली न्यूयॉर्कमध्ये मनूचा तो पोटनियम जवळजवळ जसाच्या तसा अमलात आला. व्हर्जिनिया राज्यातील डॉसवेल येथे क्रिस्टोफर चेनरी यांचा ‘मेडो’ हा स्टड फार्म होता. चेनरी आजारी होते आणि कारभार त्यांची मुलगी पेनी पाहत होती. फिप्स घराण्याकडे बोल्ड रूलर होता, त्या काळातला अमेरिकेतला सर्वांत यशस्वी प्रजनक नर. फिप्स त्याच्यासाठी रोख शुल्क घेत नसत. घोडीच्या मालकाने दोन वर्षे दोन-दोन घोड्या पाठवायच्या आणि होणारी शिंगरे वाटून घ्यायची. वाटणीला नाणेफेक: जिंकेल त्याला पहिल्या वर्षी पहिली निवड, हरेल त्याला दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी दोन शिंगरे झाली. दुसऱ्या वर्षीसाठी पाठवलेल्यांपैकी मात्र एकच घोडी गाभण राहिली, सतरा वर्षांची समथिंगरॉयल. याचा अर्थ, जिंकणाऱ्याच्या पदरात एक शिंगरू पडणार आणि हरणाऱ्याच्या पदरात दोन. दोघांनाही हरायचे होते. नाणे पडले, ऑग्डेन फिप्स जिंकले आणि त्यांनी समथिंगरॉयलचे पहिल्या वर्षीचे मादी शिंगरू घेतले. ‘द ब्राइड’ नावाचे हे शिंगरू पुढे एकही शर्यत जिंकले नाही. पोटातले शिंगरू चेनरींकडे राहिले.

ते ३० मार्च १९७० रोजी मध्यरात्र उलटून दहा मिनिटांनी जन्मले: तांबूस रंग, तीन पायांना पांढरे मोजे, कपाळावर चांदणी. नावांमागून नावे जॉकी क्लबने नाकारली आणि शेवटी एलिझाबेथ हॅम या चिटणीस बाईंनी सुचवलेले ‘सेक्रेटॅरिएट’ मंजूर झाले. मराठीत ते सचिवालय होते. मुंबईचे मंत्रालय त्या वर्षी याच नावाने ओळखले जात असे, आणि त्या शब्दाशी वेगाचा संबंध जोडायला मराठी माणसाला जरा वेळच लागावा.

वंशावळीचा अर्थ लावणाऱ्यांना या शिंगरात दोन विरुद्ध प्रवाह दिसत होते. बोल्ड रूलरची प्रजा चपळ, पण लांब अंतरात दमणारी, असा लौकिक होता. बोल्ड रूलरचा बाप नसरुल्ला हा तिसऱ्या आगा खानांनी पैदा केलेला; पुण्याचा आगा खान पॅलेस बांधणारे ते हेच. नसरुल्लाची आई मुमताझ बेगम आणि तिची आई मुमताझ महल, म्हणजे वेगाचा हा झरा मोगल नावांच्या घोड्यांतून वाहत आलेला. समथिंगरॉयलचा बाप प्रिन्सक्विलो दमदारपणासाठी प्रसिद्ध होता. ती स्वतः आयुष्यात एकाच शर्यतीत धावली होती आणि तीतही मागे राहिली होती. म्हणजे तिच्यात जे काही होते, ते तिच्या स्वतःच्या कामगिरीवरून कोणालाही ओळखता आले नसते.

४ जुलै १९७२ रोजी पहिल्या शर्यतीत धक्का बसून सेक्रेटॅरिएट चौथा आला. वर्ष संपेपर्यंत तो दोन वर्षांच्या वयात अमेरिकेचा ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरला होता. ट्रेनर ल्यूसियन लॉरिन, जॉकी रॉन टर्कॉट आणि मोतदार एडी स्वेट ही त्याची माणसे. १९७३च्या जानेवारीत क्रिस्टोफर चेनरी वारले आणि वारसाकर भरण्यासाठी घोड्याच्या बीजाचे वाटे विकणे भाग पडले. केंटकीच्या क्लेबॉर्न फार्मचे सेथ हॅनकॉक यांनी प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलरचे ३२ वाटे विकले. एकूण ६० लाख ८० हजार डॉलर ही तेव्हाची विक्रमी रक्कम. एका वाट्यावर दरसाल एक घोडी फळवण्याचा हक्क. ट्रिपल क्राउनच्या तीन शर्यती (केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट) अजून व्हायच्या होत्या. पीक उभे राहण्याआधीच बियाण्याचा भाव ठरला होता.

एप्रिलमध्ये वुड मेमोरियल शर्यतीत हा साठ लाखांचा घोडा तिसरा आला. तोंडात गळू झाले होते आणि लगाम ओढला की ते दुखत होते. दोन आठवड्यांनी, ५ मे रोजी, त्याने केंटकी डर्बी १ मिनिट ५९ आणि दोन पंचमांश सेकंदांत जिंकली. सव्वा मैलाची ही शर्यत पाव-पाव मैलाच्या पाच भागांत मोजली, तर प्रत्येक भाग आधीच्या भागापेक्षा कमी वेळात पार झाला होता. सगळे घोडे शेवटी मंदावतात. हा वेग वाढवत गेला. प्रीकनेसही त्याने जिंकली. तिच्या वेळेबद्दल वाद राहिला आणि २०१२ साली चित्रफितींवरून ती १ मिनिट ५३ सेकंद अशी दुरुस्त करण्यात आली.

९ जूनची बेलमाँट दीड मैलाची, घोडे पाच. पहिले सहा फर्लांग सेक्रेटॅरिएट आणि त्याचा प्रतिस्पर्धी शॅम हे दोघे इतक्या वेगाने गेले की जाणकारांना ती दोघांचीही आत्महत्या वाटली. शॅम कोसळत मागे पडला आणि शेवटचा आला. दुसरा घोडा अंगावर येण्याचा प्रश्नच उरला नाही. शेवटच्या सरळ पट्ट्यात टर्कॉटने मान वळवून मैदानातल्या घड्याळाकडे पाहिले. त्या क्षणाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. स्पर्धक मागे कुठे आहेत हे पाहण्यासारखे काही नव्हतेच, उरली होती ती वेळेशी स्पर्धा. २ मिनिटे २४ सेकंद, ३१ घोड्यांच्या लांबीइतके अंतर. १९४८च्या सायटेशन या घोड्यानंतर पंचवीस वर्षांनी ट्रिपल क्राउन साधला गेला. त्या दिवशी त्याच्या नावावर काढलेली ५,६१७ विजयी तिकिटे कोणी वटवलीच नाहीत. दोन डॉलरच्या तिकिटाला वीस सेंट नफा मिळत होता. लोकांनी कागद जपून ठेवला.

हा विजय कोणाचा, असा प्रश्न इथे अटळ होतो. समालोचकाने धावत्या घोड्याला यंत्राची उपमा दिली. देकार्तने प्राण्यांना यंत्र म्हटले ते त्यांच्यात आत्मा नाही हे सांगण्यासाठी. इथे तोच शब्द परमोच्च स्तुती म्हणून आला. सांख्यांच्या दृष्टांतात आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो, पाहणारा एक आणि चालणारा दुसरा. जॉकी आणि घोड्याला तो वरवर चपखल बसतो, पण बेलमाँटच्या त्या शेवटच्या पट्ट्यात पाहणाऱ्याने फारसे काही केलेच नाही. त्याने चाबूक वापरला नाही आणि वेगही मागितला नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायातली मांडणी अधिक उपयोगी पडते. प्रत्येक कर्मामागे अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव, अशी पाच कारणे तिथे सांगितली आहेत आणि केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याला अडाणी ठरवले आहे. सेक्रेटॅरिएटच्या बाबतीत दैव म्हणजे एक नाणे. करण म्हणजे एक तोंड, ज्यातल्या गळवाने वुड मेमोरियल घालवली. कर्ता कोण, याचे उत्तर मात्र गीतेच्या चौकटीतही अवघड जाते. डर्बी म्हणजे काय हे घोड्याला ठाऊक नसते. पण पुढे पळणाऱ्याला गाठायचे असते हे त्याला ठाऊक असते, आणि हे ज्ञान कोणी शिकवलेले नसते.

बेलमाँटनंतर सेक्रेटॅरिएट ओनियन आणि प्रूव्ह आउट या फारशा नाव नसलेल्या घोड्यांकडून हरलाही. २१ शर्यती, १६ विजय असा हिशेब मांडून १९७३च्या अखेरीस तो क्लेबॉर्नला आला. तिथे त्याला बोल्ड रूलरचेच ठाण मिळाले. आता बीजाची परीक्षा होती, आणि सुरुवातच शंकेने झाली: वीर्याच्या तपासणीत दोष दिसला. खात्रीसाठी काही साध्या घोड्या फळवण्यात आल्या. त्याचे पहिले शिंगरू थरोब्रेड नव्हते. आई ॲपलूसा जातीची, ठिपक्यांची.

पुढे सहाशेहून अधिक शिंगरे झाली. त्यांत लेडीज सीक्रेट ही १९८६ची ‘हॉर्स ऑफ द इयर’ होती, १९८८ची प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकणारा रायझन स्टार होता. पण दुसरा सेक्रेटॅरिएट झाला नाही, आणि वाटे घेणाऱ्यांची अपेक्षा तीच होती. बापाचे नाव चालवणारा तोलामोलाचा मुलगा त्याला मिळाला नाही. चालवले ते मुलींनी. टर्लिंग्वाचा मुलगा स्टॉर्म कॅट, सीक्रेटेमचा गॉन वेस्ट, वीकेंड सरप्राइजचा ए. पी. इंडी: अमेरिकेतल्या पुढच्या पिढ्या या नातवांनी घडवल्या. स्टॉर्म कॅटचे शुल्क पुढे पाच लाख डॉलरवर गेले. ज्याचे बीज बत्तीस वाट्यांनी विकले गेले, त्याची थोरवी क्षेत्रातून उगवली. मनूच्या दोन्ही बाजूंना हे अडचणीचे आहे, कारण त्या वादात क्षेत्र स्वतःचे काही देते हे कोणीच धरलेले नाही.

अमरकोशात उमद्या घोड्याला ‘आजानेय’ म्हटले आहे आणि अर्थ दिला आहे ‘कुलीन’. पालीत हाच शब्द ‘आजानीय’ होतो. अंगुत्तर निकायात बुद्ध चार प्रकारचे आजानीय घोडे सांगतो. एक चाबकाची नुसती सावली पाहून सावध होतो, शेवटचा वेदना हाडापर्यंत पोचल्यावर. माणसांचेही तसेच: एक दूरच्या गावी कोणी मेल्याचे ऐकून जागा होतो, दुसऱ्याला स्वतःचे दुखणे लागते. घोड्याचे कूळ इथे विचारलेलेच नाही, त्याची जाग विचारली आहे. वासेट्ठ सुत्तात बुद्ध आणखी पुढे जातो: किड्यांत, पक्ष्यांत, चतुष्पादांत जन्माने जाती पडतात, माणसांत तशी जन्मखूण नाही. स्टड बुकाचा तर्क माणसांना लावण्याचा मोह नंतरच्या काळातही सुटला नाही. जातिव्यवस्था ही रक्तशुद्धीची आणि सुप्रजननाची योजना आहे, असा तिचा बचाव विसाव्या शतकात होत होता. डॉ. आंबेडकरांनी १९३६च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्याचा समाचार घेतला: सुप्रजनन हेच उद्दिष्ट असते, तर त्यातून निपजलेली प्रजा अशी खुजी आणि दुबळी का? सेक्रेटॅरिएटची सहाशे शिंगरे त्यापुढचा मुद्दा मांडतात. जिथे वही काटेकोर आहे, निवड निर्दय आहे आणि पैसा अमाप आहे, तिथेही गुण ठरवून उतरत नाही.

१९८९च्या शरद ऋतूत सेक्रेटॅरिएटला लॅमिनायटिस झाला. या रोगात खुराच्या आतले थर सुजतात आणि खूर हाडापासून सुटू लागतो. ४ ऑक्टोबरला त्याला इंजेक्शन देऊन मरण दिले गेले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. थॉमस स्वेरझेक यांना हृदय नेहमीच्या जवळजवळ दुप्पट दिसले, आणि तरी त्यात कुठलाही रोग नव्हता. पण त्याचे वजन त्यांनी केले नाही. त्याचे २२ पौंड, म्हणजे सुमारे दहा किलो, हा आकडा अनुमानाचा. न्यायशास्त्राच्या भाषेत प्रत्यक्षाचा नाही. पुढे १९९३ साली शॅम मेला तेव्हा त्याचे हृदय त्यांनी तराजूत घातले: १८ पौंड. त्यावरूनच सेक्रेटॅरिएटचा अंदाज बांधला गेला. मोठ्या हृदयाचा गुण आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतो आणि म्हणून तो नराकडून फक्त मुलींना जातो, असा एक सिद्धांत नंतर मांडला गेला. मुलींच्या यशाशी तो छान जुळतो. सिद्ध झालेला नाही.

शर्यतीच्या घोड्याचे डोके, हृदय आणि खूर तेवढे पुरण्याची रीत आहे. सेक्रेटॅरिएट क्लेबॉर्नमध्ये अख्खा पुरला आहे.