किल्ली अजून खिळ्यालाच आहे

रडगाणं पुरे. आपल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष काका मंडळ सोडून पुण्याला लेकाकडे गेले, त्याला आज एकसष्ट दिवस झाले. एवढ्या दिवसांत तुमच्यातले आठ-दहा जण माझ्या ओसरीवर बसून गेले. प्रत्येकानं तेच ऐकवलं, 'सर, काकांशिवाय मंडळ आता काय चालतंय?' आणि प्रत्येकाच्या डोक्यावर, त्याच भिंतीला, मंडळाच्या खोलीची किल्ली टांगलेली होती. काकांनीच ती ठेवली. 'पोरं मागायला येतील, द्या,' म्हणाले. मागितली कुणी?

दुःखानं हात गळालेत म्हणता. खरं बोला. दुःख झालं असतं तर एकानं तरी काकांना फोन केला असता. मी विचारलंय त्यांना. निरोपाला शाल-श्रीफळ झालं, डोळ्यांत पाणी आणलंत, फोटो काढलेत, आणि दुसऱ्या दिवसापासून चिडीचूप. तुम्हाला काका गेल्याचं वाईट वाटत नाही. बिनपगारी गडी गेल्याचं वाईट वाटतंय.

होय, गडीच केला होता तुम्ही त्यांचा. रावळनाथाच्या जत्रेआधी वर्गणीला दारोदार कोण फिरलं? लाइटवाल्याला इसार कुणी दिला? संहितेच्या सेन्सॉर नंबरासाठी कागद कुणी रंगवले? बेळगावहून कपडेपट एसटीत घालून कोण आणत होतं? पहाटे प्रयोग संपला की पडदे उतरवायला कोण थांबायचं? तुम्ही तोंडाला रंग लावून हजर. टाळ्या तुमच्या, उधारी काकांची. तीन वर्षांपूर्वी त्यांनी जमाखर्चाची वही मधे ठेवून विचारलं होतं, 'कोण शिकतंय?' मी तिथंच होतो. एकाला फोन आला, एकाला म्हशीची धार आठवली, बाकीचे चपला शोधायला लागले. ती वही मिटताना त्यांचा चेहरा मी पाहिला. तुम्ही कसा पाहणार? तुमच्या पाठी होत्या तिकडं.

आता कारणं ऐकतोय. आधी काजूचा हंगाम, मग पाऊस, पुढं म्हणे ऊसतोड. चंदगडात पाऊस काय यंदा पहिल्यांदा पडला? काका काय कोरड्या मुलखात राहत होते?

'खेड्यात कोण विचारतंय सर,' हेही एकानं ऐकवलं. आपल्याच तालुक्यातलं कोवाड काय शहर आहे? तिथल्या रणजित देसाईंनी १९६२ साली 'स्वामी' कादंबरी दिली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुम्ही प्रत्येक भाषणात त्यांचं नाव घेता आणि खाली उतरलात की म्हणता खेड्यात काही होत नाही. दोन्ही खरं कसं असेल?

आणि ते 'माणूस गेला की संस्था संपते'. हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. केशवराव भोसले आपल्या कोल्हापूरचे. १९०८ साली हुबळीत त्यांनी 'ललितकलादर्श' नाटक कंपनी काढली, तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती. जुलै १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' गाजवलं आणि ऑक्टोबरात विषमज्वरानं गेले. वय एकतीस. विचार करा, ज्याच्या गळ्यावर कंपनी उभी होती तो गळाच गेला. मागं कंपनीतले बापूराव पेंढारकर राहिले. त्यांनी काय केलं? पुढच्याच वर्षी वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' रंगमंचावर आणलं. नवं नाटक! १९३७ साली बापूरावही गेले. मुलगा भालचंद्र पंधरा-सोळा वर्षांचा. कंपनी बंद पडली होती, त्या पोरानं पुढं ती पुन्हा उभी केली आणि उभा जन्म चालवली. तुमचे काका तर देवाच्या दयेनं धडधाकट आहेत, फोन केला तर पहिल्या रिंगला उचलतात. तरी तुम्ही सुतक धरून बसलात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याच केशवरावांच्या नावाचं कोल्हापुरातलं नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती. तुम्ही सगळ्यांनी जळक्या भिंतींचे फोटो स्टेटसला ठेवलेत, माझेही डोळे भरले. पण आपल्या खोलीतल्या पडद्यांना उंदीर लागलेत, हे तुमच्यातल्या कुणाला ठाऊक आहे? मी खिडकीतून बघून आलोय. मखमलीचा पडदा खालून वीतभर कुरतडलाय. तो काकांनी घरातलं सोनं गहाण ठेवून आणला होता. हे तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. सांगतोय.

तिलारीचा घाट उतरून कोकणात एकदा दशावतार बघून या. राजा झालेला माणूस स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो, रात्रभर उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी पेटारा पुढच्या गावाला. तिथं कुणी काकांची वाट बघत बसत नाही.

तुम्हाला काही जमत नाही म्हणून माझा राग नाही. जमतं म्हणून आहे. तू दूध डेअरीच्या हिशेबात पैशाची चूक होऊ देत नाहीस, आणि मंडळाची वही बघून 'मला काय कळतंय' म्हणतोस? तू बेळगावच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकं सांभाळतोस, आणि वर्गणी मागायला लाजतोस? आणि तू, पोरी, सातवीत एकदा ऐकलेलं स्वगत घडाघडा म्हणून दाखवायचीस. काकांनी दिग्दर्शन तुझ्याकडे द्यायचं ठरवलं होतं. तू म्हणालीस, 'घरी विचारते.' दोन वर्षं झाली. विचारलंस?

आता एक कागदाची गोष्ट, कारण तीही तुम्ही विसरलात. मंडळ नोंदणीकृत न्यास आहे. अध्यक्ष बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. एकसष्ट गेले. त्याआधी सभेची नोटीस, सभा, ठराव, नव्या माणसाची संमती, सह्या. बँकेतल्या खात्यावर अजून काकांचीच सही चालते. उद्या लाइटवाल्याला चेक कोण देणार? पुण्याला पाठवणार सहीला? त्या म्हाताऱ्या माणसाला तिथंही सोडणार नाही?

रविवारी सकाळी आठला मी ओसरीवर आहे. एकानं सभेची नोटीस लिहून आणायची, एकानं जमाखर्चाची वही शिकायला बसायचं, दोघांनी पडदे उन्हात काढायचे. सभेत अध्यक्ष म्हणून कुणाचं नाव ठेवायचं ते तिथंच ठरवा, भांडा हवं तर. मला कुणी अध्यक्ष व्हा म्हणायचं नाही. मी होणार नाही.

आणि येण्याआधी काकांना फोन लावा. प्रत्येकानं, वेगवेगळा.