दोन हात पत्रा

तळेघरच्या एका घरी पडवीला लागून पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये एक तांबडी पद्मिनी. भीमाशंकरला जाणारी माणसं चहाला थांबली की त्यांतला एखादा साठीचा माणूस हमखास तिकडे वळायचा. काचेला नाक लावून स्टेअरिंगशेजारचा गिअरचा दांडा बघायचा आणि म्हणायचा, "आमच्याकडंबी होती."

गाडी आबांची. आबांनी उमेदीची तीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवली. आंबेगाव तालुक्याची मुंबईशी सोयरीक जुनीच आहे. परदेशी कापडाच्या ट्रकसमोर ठाण मांडणारा गिरणी कामगार बाबू गेनू इथल्याच महाळुंगे पडवळचा. आबांची टॅक्सी मात्र शेटची होती, काळी-पिवळी. ही तांबडी तेवढी स्वतःची. एका जुन्या गिऱ्हाइकाकडून घेतलेली, १९७८ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हाचाच रंग तिच्या अंगावर होता. फियाट अकराशेला पद्मिनी हे नाव पडलं १९७४ साली, त्यामुळे आबा तिला कधी फियाट म्हणत, कधी पद्मिनी, आणि रागात असले की 'भवानी'. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचं वय भरलं आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावर दिसेनाशी झाली, त्या दिवशी आबांनी शेडमध्ये जाऊन उगाचच इंजिन चालू करून बंद केलं होतं.

शेड बांधताना पत्रे कमी पडले होते. पुढच्या वर्षी दोन हात वाढवू, असं ठरलं आणि ते ठरलेलंच राहिलं. डिकी आणि मागची दारं सावलीत, बोनेट उन्हात. पावसाळ्यात बोनेटवर प्लॅस्टिकचा कागद टाकायचे. तळेघरच्या पावसात माणसाचे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तिथं कागदाखाली काय होत असेल ते सांगायला नको. बारा-पंधरा वर्षांत गाडी अर्धी तरुण आणि अर्धी म्हातारी दिसू लागली. डिकी लालभडक, बोनेट विटक्या गेरूसारखं. हात फिरवला की बोटांना गुलाबी पूड लागायची.

नातीचं लग्न ठरलं वैशाखातलं. तिचा भाऊ मंचरला नोकरीला. त्याच्या मनात आलं, ताईला मांडवापर्यंत याच गाडीतून न्यायची. त्यानं एका पेंटरला फोटो दाखवले. पेंटर म्हणाला, सगळा रंग खरवडून काढू, लांबी, प्रायमर आणि वर नवा रंग, आठवड्यात कोरी करून देतो. पोरानं पगारातून पैसेही बाजूला काढले.

आबा म्हणाले, "नवा रंग कवाबी मारता यील. ह्यो परत कुठनं आणशील?"

"पण आबा, मेलाय तो रंग."

आबा काही बोलले नाहीत. पोरानं त्यांचं गप्प बसणं होकार धरलं. पेंटर नको तर नको, आपणच चमकवू. मंचरहून त्यानं मित्राचं पॉलिशचं मशिन आणलं, लोकरीचा गोल पॅड लावलेलं, आणि रबिंग कंपाउंडचा डबा. दुपारी आबा आडवे झालेले बघून त्यानं वायर ओढली आणि बोनेटवर मशिन धरलं.

खोटं कशाला सांगू, पहिल्या दोन मिनिटांत चमत्कार झाला. वीतभर जागा आरशासारखी लखलखली, तिच्यात शेडचा पत्रा दिसला. पोराला चेव आला. त्यानं जोर वाढवला. पॅडवरून तांबडे शिंतोडे उडून अंगणात वाळत घातलेल्या बाळहिरड्यावर पडले. आजी ओरडत आली, "आरं, माझा हिरडा रंगीवतोस काय! व्यापारी घील का ह्यो?" तिला उत्तर द्यायला पोरानं मान वळवली, मशिन मात्र चालूच. बोनेटच्या मधून जी उभी धार जाते तिच्यावर पॅड क्षणभर जास्त टेकला. पोरानं परत खाली पाहिलं तर धारेवर चार बोटं लांब करडा पट्टा उघडा पडला होता. प्रायमर.

धारेवर रंग मुळातच पातळ बसतो, हे पेंटरचं शेंबडं पोरही जाणतं. आपला पोरगा मोबाइलवर तीन तास व्हिडिओ बघून आला होता, पण तेवढं नेमकं त्याच्या नजरेतून सुटलं.

आबा उठून आले. पट्टा पाहिला. पोराला वाटलं, आता शिव्या. आबांनी मशिनचा प्लग काढला, एक पांढरं फडकं ओलं केलं आणि बोनेटच्या न घासलेल्या कोपऱ्यावरून हलक्या हातानं फिरवलं. फडकं तांबडं झालं.

"काय हाये ह्ये?"

"मळ."

"मळ तांबडा आसतो व्हय? ही गाडी हाये. तू मघाधरनं मळ समजून गाडी पुसत हुतास."

मग त्यांनी समजावून सांगितलं, मुंबईच्या गॅरेजमध्ये जसं ते शिकले होते तसं. त्या काळच्या गाड्यांना वर काचेसारखा पारदर्शक थर नसे. हल्लीच्या गाड्यांना असतो, तो उन्हानं पापुद्र्यासारखा उलतो, त्याला हा इलाज लागू पडत नाही. जुन्या गाडीचा रंग हाच तिचा वरचा थर. उन्हानं रंगाला धरून ठेवणारा चीक मरतो, कण सुटे होतात आणि वर पूड साचते. ही पूड पातळ असते. तिच्याखाली रंग शाबूत असतो, फक्त कोरडा. जो कोरड्यावर जोर लावतो तो पुडीबरोबर खालचा जिवंत रंगही नेतो.

"आदी बगायचं, किती उरलंय. मग हात लावायचा," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काम आबांच्या पद्धतीनं सुरू झालं. पहिल्यांदा साबणाचं पाणी, मऊ कापड, भरपूर धुणं. चिमटीएवढी माती राहिली तरी ती पॉलिश पेपरचं काम करते. गाडी सावलीतच सुकवली. मग आबांनी ट्रंकेतून एक बाटली काढली. त्यात घासणारी पूड अजिबात नसलेलं तेलकट पॉलिश होतं. ते बोनेटवर जाडसर थापलं, अंगाला उटणं लावावं तसं, आणि आबा जेवायला निघाले.

"आता?"

"आता काय? पिऊ दे की तिला."

रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी जुन्या टॉवेलच्या तुकड्यानं, बोटांनी नव्हे तर तळव्यानं, गोल गोल चोळून पुसून काढलं. टॉवेल तांबडा झाला, पण बोनेटही झालं. गेरूचा विटका रंग जाऊन जुन्या विटेसारखा आला. परत तेल. परत रात्र. तिसऱ्या सकाळी ठिकठिकाणी लाल फुटला होता, मध्ये पांढुरके डाग. "जितं आजून तान हाये तितं डाग," आबा म्हणाले. चौथ्या रात्री तेल जसंच्या तसं वर राहिलं, बोनेट आणखी पीत नव्हतं. आजीनं रंगाच्या चिंध्या चुलीत घालायला घेतल्या तेव्हा आबांनी त्या हिसकावून घेतल्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, भाकरीखाली त्याचा धूर नको. सगळ्या चिंध्या पिशवीत बांधून ठेवल्या.

पाचव्या दिवशी बारीक पॉलिश, हातानंच, दोनच वेळा. धारेवर आबांनी आधीच कागदी टेप चिकटवली होती. शेवटी मेणाचा हात. पोराचे खांदे भरून आले होते. मशिननं अर्ध्या तासात उरकणारं काम पाच दिवस चाललं होतं आणि या पाच दिवसांत त्याला बोनेटची वीत न् वीत पाठ झाली होती: हा कुठल्याशा फाटकाचा ओरखडा, हा नारळाचा पोचा, ही दादरला लागलेली स्कूटर.

बोनेट डिकीइतकं लाल झालं असं मी म्हणणार नाही. अर्धा मैल चालून आलेल्या माणसासारखं दिसत होतं. दमलेलं, पण रक्त चेहऱ्यावर. मधोमध तो चार बोटांचा करडा पट्टा. पोरगा म्हणाला, "आबा, एवढ्यापुरता तरी रंग लावू. लोक विचारतील."

"इचारू देत. तू सांग."

लग्नाच्या दिवशी लोकांनी विचारलंच. झेंडूची माळ सोडून पट्टा झाकता आला असता. नवरीच म्हणाली, माळ काचेवर बांधा. दर विचारणाऱ्याला पोरगा सांगत होता, मी घाई केली तिथं गेलं. सातव्या-आठव्या वेळेपर्यंत त्याची मान खाली जायची थांबली होती. एक मामा लगेच म्हणाले, माझीपण एक जुनी जीप आहे, मशिन आणून... पोरानं त्यांचा हात धरला आणि त्यांना ओल्या फडक्याची गोष्ट सांगायला घेतली.

वरात गेली, पाहुणे पांगले. आजीनं हिरडा भरला. रंगलेला निवडून वेगळा काढला, तो व्यापाऱ्यानं घेतला नाहीच. पेंटरसाठी ठेवलेले पैसे पोराच्या खिशात तसेच होते. मृगाला पंधरा दिवस उरले असताना तो घोडेगावला गेला आणि पिकअपमध्ये पत्रे घालून आला, बरोबर हुक-बोल्ट आणि दोन अँगल.

आबांनी शिडी धरली. पोरानं वर चढून जुन्या पत्र्यावर नवा पत्रा वीतभर चढवला, पाणी आत येऊ नये म्हणून. शेवटचा बोल्ट आवळून तो खाली बघतो तर दुपारचं ऊन बोनेटच्या नाकापासून हातभर अलीकडेच थांबलं होतं.

"आबा, प्लॅस्टिकचा कागद?"

"दे आजीला. हिरड्यावर टाकंल."