बँकेचे दार

30 जानेवारी 1948 रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली. निझामाविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर छापा घातला आणि लढ्यासाठी पैसा उभा केला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. आता कोणी म्हणेल, यावर झकास मोबाइल गेम होईल. गोष्ट तयार, गाव तयार, नायक तयार; चार इंजिनिअर पोरं बसवली की झालं!

या सगळ्यात गोष्ट हाच सर्वांत स्वस्त भाग असतो. सिनेमात दिग्दर्शक दाखवील तेवढेच प्रेक्षक पाहतो. बँकेची नुसती दर्शनी भिंत उभारली तरी भागते. गेम खेळणारा मात्र भिंतीमागे जाऊन बघतोच. बँकेत शिरायचे सोडून तो रुळांवरून चालत सुटेल, साथीदारावरच गोळी झाडेल किंवा काहीच न करता उभा राहील. या प्रत्येक लहरीला आधीच उत्तर शोधून ठेवावे लागते.

लिझ इंग्लंड या गेम डिझायनरने 2014 मध्ये हे साध्या दारावरून समजावले होते. आपण बँकेचे दार घेऊ. ते उघडते का? गावातली बाकीची दारे उघडत नसतील, तर हे उघडते हे खेळणाऱ्याला कळणार कसे? साथीदार नेमका चौकटीत उभा राहिला तर? दार लोटताना पलीकडे शिपाई असला तर? ऐन वेळी फोन आला तर? चित्रकार, ॲनिमेटर, आवाजवाला, प्रोग्रामर, टेस्टर अशा सगळ्यांच्या हातांखालून ते एक दार जाते. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्राचा हिशेब सुमारे सोळा मिलिसेकंदांत उरकायचा, आणि तोही स्वस्तातल्या फोनवर.

एवढे करून दार व्यवस्थित उघडले, तरी ते उघडण्यात मजा येईलच असे नाही. माझ्या मते सर्वांत चुकीचा अंदाज बांधतात ते आयटीतले लोक. बँकेच्या ॲपमध्ये पैसे या खात्यातून त्या खात्यात गेले की काम बरोबर झाले. गेमला असा ताळा नाही. महिनोन् महिने खपून केलेला भाग कंटाळवाणा निघतो आणि मुकाट्याने फेकून द्यावा लागतो.

2 सप्टेंबर 2020 ला भारतात पब्जी या मोबाइल गेमवर बंदी आली आणि दोन दिवसांत फौजी या देशी गेमची घोषणा झाली. 26 जानेवारी 2021 ला तो आला, पण लोक ज्याची वाट पाहत होते तो बॅटल रॉयलचा, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला असा, प्रकार त्यात नव्हता. मग शिव्यांचा पाऊस पडला. खुद्द पब्जीमागे ब्रेंडन ग्रीनने दुसऱ्यांच्या गेममध्ये फेरफार करत घालवलेली काही वर्षे होती, हे शिव्या देणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत होते? फुकट डाउनलोड होणारी वस्तू फुकटात तयार झाली असावी, असे वाटणे मात्र स्वाभाविक आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा. ‘राजी’ या त्यांच्या गेमसाठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करण्याचे आवाहन फसले. स्टुडिओ तगवायला संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपले घर विकले. गेम 2020 मध्ये बाजारात आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. तो खेळून पाच-सहा तासांत संपतो, आणि ‘फार छोटा आहे’ ही त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार.

उमरीच्या छाप्यावर गेम जरूर व्हावा, आणि तो उमरीच्याच पोरांनी करावा. पण अख्खे गाव उभे करायच्या आधी बँकेचे एक दार करून बघा: उघडणारे, बंद होणारे, मध्ये माणूस अडकला तरी न बिघडणारे. त्यासाठी लागणारे गोडो हे इंजिन मोफत मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते.