कोयत्याचा करकंब ते पुणे प्रवास

उसाच्या पट्ट्यात कोयता घरोघरी असतो. त्यामुळे खुनाच्या खटल्यात आरोपीने काढून दिलेला कोयता न्यायाधीशांसमोर ठेवला, की बचावपक्षाच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हाच तो कोयता कशावरून? कोणी मारलं हे गावाला दुसऱ्या दिवशीच कळलेलं असतं, पण गावाची खात्री न्यायालयात चालत नाही. तिथे कोयत्याचा सगळा प्रवास सिद्ध करावा लागतो.

करकंब हे पंढरपूर तालुक्यातलं मोठं गाव. सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीतलं स्वतःचं पोलीस ठाणं गावाला आहे. समजा, या ठाण्याच्या हद्दीत खून झाला आणि आरोपीने विहिरीच्या कडेला लपवलेलं हत्यार दाखवलं. दोन पंचांसमोर निवेदन पंचनामा होतो, मग जप्ती पंचनामा. कोयत्याची लांबी, मुठीचं लाकूड, पात्यावरचे डाग कुठे आणि केवढे, हे सगळं लिहिलं जातं. पुडक्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि पंचांच्या सह्यांचं लेबल लागतं, वर लाखेचं सील. ठाण्यात आल्यावर मुद्देमाल रजिस्टरला नोंद होते आणि पुडकं मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात जातं. काही दिवसांनी एखादा शिपाई पत्रासह ते पुण्याच्या प्रादेशिक न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेत पोचवतो. तिथे सील शाबूत आहे का, पाठवलेल्या नमुना ठशाशी जुळतं का, हे पाहिल्यावरच पुडकं उघडलं जातं.

या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित माणूस म्हणजे मुद्देमाल कारकून. हा बहुधा एखादा हवालदार असतो. तपास अधिकाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात येतं, सरकारी वकिलाचं येतं, याचं कधीच येत नाही. पण खटल्याचं भवितव्य अनेकदा त्याच्या एका नोंदीवर टांगलेलं असतं. माल कधी आला, कधी बाहेर गेला, कोणी नेला, परत आला तेव्हा सील कसं होतं, यातली एक तारीख जरी जुळली नाही, तरी मधल्या काळात डाग लावला गेला नसेल कशावरून, ही शंका उभी राहते. फौजदारी खटल्यात वाजवी शंकेचा फायदा आरोपीलाच मिळतो, आणि तो मिळायलाच हवा.

हे नुसतं भय नाही. ठाणे जिल्ह्यात २०१० साली सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. आरोपीला फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. डीएनए अहवाल सरकारच्या बाजूचा होता. पण नमुने प्रयोगशाळेत पाठवायला झालेल्या उशिराचं समाधानकारक उत्तर नव्हतं आणि त्या काळात ते दूषित झाले नाहीत याची खात्री देता येत नव्हती. अशा निकालानंतर दोनच शक्यता उरतात. एक तर निरपराध माणसाने फाशीच्या सावलीत वर्षं काढली, नाहीतर खरा गुन्हेगार मोकळा झाला. त्या मुलीच्या घरच्यांना यातलं नेमकं काय घडलं हेही कधी कळणार नाही. मुद्देमालाच्या हलगर्जीपणाची खरी किंमत ही आहे.

वस्तू सापडणं आणि ती टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे पहिल्याचं कौतुक फार. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात पहिल्या बळीचा मृतदेह लोखंडी पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकला होता. १९७७ मध्ये, वर्षाहून अधिक काळानंतर, पोलिसांनी तो बाहेर काढला. त्या पिंपाची गोष्ट आजही सांगितली जाते. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यात हल्लेखोर ज्या ‘कुबेर’ नौकेतून आले तिच्यावर मिळालेला गुलाबी फोम आणि शहरात ठेवलेल्या बॉम्बच्या पिशव्यांतला फोम यांचा मेळ महत्त्वाचा ठरला. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या पथकांनी उचललेले ते साधे तुकडे. त्यांच्या नोंदी नीट राहिल्या, म्हणून समुद्रातली नौका आणि शहरातले बॉम्ब एका धाग्यात ओवता आले.

टिकवण्याचं शास्त्र अवघड नाही, पण त्याला शिस्त लागते. रक्ताने भिजलेला सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला की आत ओल धरते, बुरशी येते, डीएनए खराब होतो. तो सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळा ठेवून कागदात बांधायचा असतो. जळिताच्या गुन्ह्यात उलट : रॉकेलचा वास असलेलं कापड कागदात ठेवलं तर वास उडून जातो, त्याला हवाबंद डबाच हवा. विषबाधेच्या संशयात व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. आता सोलापूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात, वर पत्रा, मुद्देमालाच्या खोलीला एक खिडकी. तिथे पंधरा दिवस पडलेल्या नमुन्यातून प्रयोगशाळेने काय वाचावं? रक्ताचा गट ‘अनिर्णित’ असा शेरा रासायनिक विश्लेषकाच्या (सीए) कित्येक रिपोर्टमध्ये दिसतो, त्यामागे असे दिवसही असतात.

आणि पंढरपूर भागाची आणखी एक अडचण आहे. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री अशा चार वाऱ्या. आषाढीला तर सगळं दल बंदोबस्तात असतं. पुण्याला माल घेऊन जाणारा शिपाई चंद्रभागेच्या वाळवंटात उभा असेल, तर पुडकं कपाटातच राहणार. हा त्या शिपायाचा दोष नव्हे. मात्र उशिराचं कारण त्याच दिवशी लेखी नोंदलं गेलं पाहिजे. तीन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात ते आठवणीतून सांगता येत नाही.

मुद्देमालाला उंदीरही लागतात. जप्त केलेला ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ल्याचं उत्तर प्रदेशातल्या मथुरेत पोलिसांनी २०२२ मध्ये न्यायालयाला सांगितलं. हे खरं मानलं तरी प्रश्न सुटत नाही, कारण उंदीर शिरतात अशा खोलीत पुरावा ठेवलाच का, हे विचारावंच लागतं.

श्रीमंत देशांतही साखळी तुटते. जर्मनीत आणि शेजारच्या देशांत वर्षानुवर्षं एकाच अज्ञात बाईचा डीएनए सुमारे चाळीस ठिकाणी सापडत होता, त्यात एका पोलीस शिपाई तरुणीच्या खुनाचाही गुन्हा होता. मार्च २००९ मध्ये उलगडा झाला : तो डीएनए नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या बांधणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, डीएनएमुक्त नव्हत्या. गुन्हेगार मागे राहिला आणि यंत्रणा एका भुताचा माग काढत बसली.

कायदा आता बराच पुढे गेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं आहे. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सांगितलं, की डीएनए नमुने अठ्ठेचाळीस तासांत प्रयोगशाळेत पोचावेत, आणि ताब्याच्या साखळीची नोंदवही निकाल लागेपर्यंत ठेवावी. हे अठ्ठेचाळीस तास पाळायचे, तर करकंबसारख्या ठाण्याला एक शीतपेटी, एक वाहन आणि बंदोबस्ताला न जाणारा प्रशिक्षित माणूस द्यावा लागेल. हुकूम दिल्लीहून येतो. खोलीच्या दाराला कुलूप कोणतं आहे, हे मात्र जिल्ह्यातच पाहावं लागतं.

मोबाइलवरचं चित्रीकरण सगळं सोडवील, असं मानणारेही आहेत. चित्रीकरणाने पंच फितूर झाला तरी जप्तीचा क्षण वाचतो, हा मोठाच लाभ. पण कोयता ठाण्याच्या दारातून आत गेल्यावर कॅमेरा बंद होतो, आणि वकिलाचे बरेचसे प्रश्न त्यानंतरच्या दिवसांबद्दल असतात.

मुद्देमाल पडून राहण्याचा त्रास पीडितांनाही होतो. खून झालेल्या बाईचं मंगळसूत्र, चोरीला गेलेली दुचाकी, दरोड्यात लुटलेले दागिने वर्षानुवर्षं ठाण्यात किंवा न्यायालयाच्या कोठडीत अडकतात. गुजरातच्या सुंदरभाई देसाई प्रकरणात काही पोलिसांवरच मुद्देमाल बदलल्याचा आणि पैसे हडपल्याचा आरोप होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावलं, की अशा वस्तू पंधरा दिवस ते महिन्यापलीकडे ठाण्यात ठेवू नयेत. नव्या संहितेनुसार न्यायालयाने वस्तूंचं विवरण चौदा दिवसांत तयार करून छायाचित्रं घ्यायची आहेत आणि पुढच्या तीस दिवसांत त्यांच्या विल्हेवाटीचा आदेश द्यायचा आहे. छायाचित्र पुरावा म्हणून चालतं. मात्र बहुतेक घरांना हे ठाऊक नसतं. ठाण्यात विचारलं की ‘केस संपल्यावर मिळेल’ असं उत्तर मिळतं आणि माणसं मुकाट्याने परततात. पंढरपूरच्या न्यायालयात साध्या अर्जाने वस्तू परत मागता येते, आणि वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं.