वाट पाडणारे आणि वाटपाडे

दिवाळीची अभ्यंगस्नाने आटोपली, फराळाचे डबे निम्म्यावर आले आणि पहाटेच्या वाऱ्याला किंचित धार चढली, की माझे लक्ष घरात लागेनासे होते. घरच्या मंडळींना हे ठाऊक आहे. "आता ह्यांना म्हैसमाळ दिसू लागले," असे आमची सौभाग्यवती म्हणते आणि न सांगता माझी जुनी कानटोपी कपाटातून काढून ठेवते.

छत्रपती संभाजीनगरहून देवगिरीच्या पायथ्याशी वळसा घेऊन, घाट चढून, खुलताबादेवरून गेले की सुमारे ४० किलोमीटरवर म्हैसमाळचे पठार लागते. उंची हजार मीटरहून जराशी अधिक. महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाने हसावे इतके हे ठिकाण साधे आहे. गिरिजादेवीचे देऊळ, चार झाडांच्या सावलीतले विश्रामगृह, आणि बाकी सगळे गवत. पण हिवाळ्यात त्या गवतातून चालण्याचे जे सुख आहे, ते मला अन्यत्र मिळालेले नाही.

गेल्या वर्षी असाच निघण्याच्या तयारीत असताना कॅनडातल्या भाचीचे पत्र आले. पत्र म्हणजे अर्थात फोनवरचा मजकूर आणि सोबत एक छायाचित्र. पांढऱ्याशुभ्र उतारावर पाचसहा माणसे मुंगीच्या रांगेने चालली आहेत आणि प्रत्येकाच्या पायाला पसरट जाळीसारखे काहीतरी बांधलेले आहे. "मामा, ह्या बर्फावरच्या वहाणा," तिने लिहिले होते. "साध्या बुटाने गेले तर गुडघ्याएवढे रुततो. ह्या बांधल्या की अंगाचे वजन पसरते आणि बर्फ आपल्याला वर तोलून धरतो. तिथले मूळचे लोक लाकूड वाकवून, त्यावर चामड्याच्या वाद्या विणून ह्या करीत. आता धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या मिळतात. पण खरी गंमत वेगळीच आहे. पुढे चालणाऱ्याची दमछाक होते, कारण तो ताजा बर्फ तुडवतो. मागच्यांना आयती वाट मिळते. म्हणून थोडे अंतर गेले की पुढचा बाजूला उभा राहतो, सगळ्यांना पुढे जाऊ देतो आणि रांगेच्या शेवटी लागतो. मग दुसऱ्याची पाळी. तुमच्याकडे बर्फ नाही. तुम्ही हिवाळ्यात काय तुडवता?"

मी उत्तर लिहिले, "आम्ही गवत तुडवतो."

ते उत्तर थट्टेचे नव्हते. पावसाळ्याचे चार महिने पठारावर मनुष्यप्राणी फारसा फिरकत नाही, आणि तेवढ्यात पवन्या, शेडा, कुसळी ही गवते छातीला लागतात. गेल्या उन्हाळ्यात पांढऱ्या रेघेसारख्या दिसणाऱ्या पायवाटा पार बुजून जातात. बर्फाने जे तिकडे होते, तेच इकडे गवताने होते. मग आश्विन सरता सरता कोणीतरी विळा घेऊन पहिल्यांदा आत शिरतो. त्याच्या धोतराला कुसळे चिकटतात. कुसळाची शेपटी ओल लागली की पिळा सोडते, सुकली की पुन्हा पिळते, आणि अशी फिरत फिरत ती कापडातून थेट कातडीपर्यंत पोचते. पहिल्या माणसाला हे सारे सोसावे लागते. त्याच्यामागून शेळ्या जातात, शेळ्यांमागून पोरे जातात, आणि मार्गशीर्ष उजाडेपर्यंत वाट अशी स्वच्छ होते की शहरातून आलेल्या माझ्यासारख्याला वाटावे, ती देवानेच आखून ठेवली आहे!

वाचकहो, आपल्या भाषेची एक गंमत पहा. ज्याने नवी वाट तयार केली त्याने 'वाट पाडली' असे आपण म्हणतो. आणि जो वाटेत माणसांना लुबाडतो, त्याला जुने लोक 'वाटपाड्या' म्हणत. क्रियापद एकच, माणसे मात्र दोन टोकांची. ह्या दोन टोकांमधले अंतर किती थोडे असते, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी म्हैसमाळला कळले. आजवर ही हकीकत मी लिहिली नव्हती.

त्याला आता ५० वर्षे होत आली. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते आणि आम्ही चौघे मित्र महाविद्यालयात शिकत होतो. पौषातल्या थंडीत दोन दिवस विश्रामगृहात राहावे असा बेत ठरला. दुपार कलल्यावर आम्ही पठाराच्या कड्याकडे सूर्यास्त पाहायला निघालो. वाटेवर ठरावीक अंतराने, विशेषतः जिथे फाटे फुटत होते तिथे, तीनतीन चारचार दगड एकावर एक रचलेले होते. एकाने गमतीने पहिली रास पायाने उडवली. दुसऱ्याने पुढची उडवली. मग चढाओढच लागली. एका लाथेत किती दगड पडतात, याची मोजणी सुरू झाली. कड्यापर्यंत आम्ही एकही रास उभी ठेवली नाही. सर्वांत जास्त माझ्या नावावर होत्या.

हिवाळ्यातला सूर्य एकदा टेकला की बुडायला वेळ लावत नाही. परत फिरलो तेव्हा अंधारू लागले होते. पहिल्याच फाट्यावर आम्ही थबकलो. दोन्ही वाटा सारख्याच दिसत होत्या. एक धरली, ती गवतात विरली. दुसरी धरली, ती कड्याच्या बाजूला वळू लागली. चौघांचे बोलणे आपोआप थांबले. तेवढ्यात दगडावर दगड ठेवल्याचा आवाज आला. त्या आवाजाच्या रोखाने गेलो तर एक म्हातारा गवताचा भारा बाजूला टाकून, वाकून, रास रचीत होता.

"बाबा, विश्रामगृहाची वाट कोणती?"

"हीच की. इथून पुढं मी रचीत आलोय. दगूड पाहून चला."

आमच्यापैकी कोणीतरी धीर करून विचारले, "हे रचायचे कशाला?"

"नात मागं हाय, शेळ्या घिऊन. अंधार पडला की तिला फाटे उमगत न्हाईत." मग त्याने खाली विखुरलेल्या दगडांकडे पाहिले आणि अगदी सहजपणे म्हणाला, "ढोरायनं पाडले आसतील. त्यायला काय कळतं!"

आम्ही काही बोललो नाही. त्याने रचलेले दगड पाहत पाहत मुकाट विश्रामगृहावर आलो. निदान मागे वळून त्याला दगड उचलू लागावे, हेही कोणाला सुचले नाही. का सुचले असेल, आणि पाय वळले नसतील? माझ्यापुरते मी सांगतो, मला सुचले होते. रात्रभर त्या न पाहिलेल्या पोरीच्या काळजीने झोप लागली नाही. पहाटे एकटाच उठून गेलो. कड्यापर्यंतच्या सगळ्या राशी पुन्हा उभ्या होत्या आणि वाटेवर शेळ्यांच्या ताज्या लेंड्या पडल्या होत्या. पोरगी सुखरूप गेली असली पाहिजे. माझा जीव खाली पडला, आणि जीव खाली पडताच वस्तीवर जाऊन कबुली देण्याचा विचारही मी सोडून दिला. सकाळच्या एसटीने आम्ही परतलो.

ह्यानंतर पुष्कळ वर्षे मी स्वतःशी वाद घातला आहे. एका वकील मित्रासमोर हा प्रश्न नाव न घेता मांडला, तेव्हा तो म्हणाला, "वाटेचे कसले आले आहे ऋण? जो पहिला गेला तो आपल्या गवतासाठी गेला. तुझ्यासाठी नव्हे. उपकाराला हेतू लागतो." युक्तिवाद चोख होता. पण त्यात एक गोष्ट सुटली होती. पायाखालची वाट माणूस स्वतःसाठी पाडतो, हे खरे. पण दगडांची रास तो स्वतःसाठी रचीत नाही. ज्याला वाट पाठ आहे त्याला खूण कशाला हवी? खूण ही नेहमी दुसऱ्यासाठी असते, आणि तो दुसरा कोण, हे पुष्कळदा रचणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्या म्हाताऱ्याने नातीसाठी दगड रचले आणि घरी पोचलो आम्ही, ज्यांनी ते पाडले होते!

आपल्या शास्त्रकारांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले. महाभारताच्या आदिपर्वात चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे. पहिल्या तिन्हींचा पत्ता ठाऊक असतो. यज्ञाने, अध्ययनाने, संततीने ती फेडता येतात. चौथ्याची अडचण अशी, की सावकारच सापडत नाही. पुढल्या हिवाळ्यात मी त्या म्हाताऱ्याचा शोध केला. तो भेटला नाही. मग हे फेडायचे कोणाला?

ह्याचे उत्तर मला दगडातच सापडले, पण ते म्हैसमाळच्या नव्हे. आमचा हा सारा मुलुख चालणाऱ्यांनी घडवला आहे. बौद्ध भिक्षू पावसाळ्याचे महिने एका जागी वर्षावास करीत आणि आश्विन पौर्णिमेच्या सुमारास तो संपला की पुन्हा वाटेला लागत. आपण फराळाच्या तयारीला लागतो त्याच दिवसांत त्यांची हिवाळी पायपीट सुरू होई. त्यांच्या निवाऱ्यासाठी लेणी झाली. कन्नडच्या पुढे, सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याच्या लेण्यात एका खांबावर पैठणच्या एका गंध्याचे, मितदेवाचे नाव कोरलेले आहे. त्याने तो खांब दान दिला होता. तिकडे अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातही एक नाव आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी पाहिली आणि आपले नाव व तारीख एका प्राचीन चित्रावरच ओरखडून ठेवली. लेण्यात तेव्हा मातीदगडाचा ढीग साचलेला होता. त्यावर तो उभा होता, म्हणून ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते. त्याला लेण्याची वाट एका गुराखी पोराने दाखवली, असे सांगतात. त्या पोराचे नाव कुठेही नाही.

एकाने खांब दिला आणि त्यावर नाव घातले. दुसऱ्याने चित्र बिघडवले आणि त्यावर नाव घातले. तिसऱ्याने वाट दाखवली आणि तो शेळ्यांमागे निघून गेला. ह्या तिघांत मी कोण, हे ठरवायला मला फार विचार करावा लागला नाही. माझे नाव कुठे ओरखडलेले नसले, तरी विसाव्या वर्षी मी स्मिथसाहेबाच्याच रांगेत उभा होतो.

म्हणून भाचीच्या पत्रातली ती रांग मला इतकी आवडली. पुढचा दमतो, बाजूला होतो, मागे लागतो. त्याचे श्रम त्याला कोणी परत देत नाही. ते फिटतात ते पुढच्या पाळीने, पुढच्या माणसाच्या हातून, पुढच्या बर्फावर. मागे चालण्यात लाज नाही. सगळा जन्म आपण कोणाच्या ना कोणाच्या मागूनच चालतो. लाज आहे ती आपली पाळी आली असता मान खाली घालून चालत राहण्यात.

गेली कित्येक वर्षे म्हैसमाळला गेलो की पडलेली रास मी रचतो. उगाच शोभेसाठी रचीत नाही. हल्ली छायाचित्राकरिता कुठेही दगड रचण्याची हौस निघाली आहे, आणि चुकीच्या जागची खूण ही नसलेल्या खुणेपेक्षा वाईट. फाट्यावर, योग्य वाटेच्या अंगाला, आधीच्या खुणेवरून दिसेल अशी रचतो. त्याने माझे ऋण फिटले असे मात्र मला कधी वाटले नाही. एक गोष्ट राहून गेली होती.

गेल्या हिवाळ्यात नातू बरोबर होता. वय नऊ. आता पुढे तो चालतो आणि मागे मी. एका फाट्यावर विखुरलेले दगड पाहून तो थांबला.

"आजोबा, हे कोणी पाडले?"

"ढोरांनी," असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. म्हाताऱ्याने दिलेली ती सबब ५० वर्षे माझ्याजवळ तशीच्या तशी होती. मी खाली बसलो, त्यालाही बसवले आणि सारी हकीकत सांगितली. लाथा सांगितल्या, मोजणी सांगितली, अंधार सांगितला. म्हाताऱ्याचे वाक्य सांगितले आणि माझे गप्प बसणेही सांगितले.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग काही न बोलता सर्वांत मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून तळाला ठेवला आणि मला म्हणाला, "आजोबा, दुसरा तुम्ही ठेवा."